थांबणारा रहाट

आमच्या गल्लीत मुलींना कुराण शिकवणारी एक म्हातारी विधवा होती. सगळे तिला उस्तानीबी म्हणत. मागवाल्यांना रहाटावर सुताच्या कांड्या भरून देणं हा तिचा धंदा, आणि भरता भरताच ती आमचा धडा ऐकायची. माझा भाऊ मशिदीतल्या मदरशात शिकला. तिथं छडी होती. उस्तानीबीकडं रहाट होता. आम्ही म्हणत राहायचो, रहाट कुरकुरत राहायचा. कुठं चुकलं की तो थांबायचा, बस्स. ती बोलायची नाही, वरही बघायची नाही. चूक आपली आपण शोधायची, कुराणातली ती ओळ, ती आयत पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. बरोबर आली की रहाट सुरू.

हे नुसतं पाठांतरापुरतं राहिलं नाही. एखादीनं दुसरीची चुगली करायला तोंड उघडलं की रहाट थांबलाच. खोटं बोललं तरी थांबायचा. एकदा मी चिडून विचारलं, "बोलो ना, मेरा क्या चुक्या?"

दोरा बोटात तसाच धरून ती म्हणाली, "तेरेकू मालूम है."

आणि मला खरंच ठाऊक असायचं, हेच तर दुखणं होतं.

बाकीच्या मुली वाचण्यापुरतं शिकून एकेक करून सासरी गेल्या. मी हट्टानं सगळं कुराण पाठ केलं. अब्बांनी गल्लीभर बत्तासे वाटले. मग माझंही लग्न झालं, आणि पुढच्या हिवाळ्यात उस्तानीबी वारली.

पाठ केलेलं कुणाला तरी ऐकवत राहावं लागतं, नाहीतर ते विरत जातं. भाऊ रमजानात मशिदीत नमाज पढवताना पाठ कुराण म्हणायचा तेव्हा चूक सांगणारे जाणते त्याच्या मागं उभे असत. मी बाईमाणूस, माझ्या मागं कोण उभं राहणार? तो भाऊही पोटामागं मुंबईला गेला. नवरा मिलमधून थकून यायचा आणि ऐकता ऐकता पेंगायचा. माहेरी गेले की अब्बा डोळे पुसत "लई गोड" म्हणायचे; त्यांना चुकलेलंही गोडच लागे. मला कौतुक नको होतं, अडवणारं कुणीतरी हवं होतं. उस्तानीबीनं दिलेलं माझ्यातून गळत जाईल आणि मला पत्ताही लागणार नाही, ह्या भीतीनं रडू यायचं. माणसांनी भरलेल्या त्या सासरच्या घरात मी फार एकटी होते.

सकाळी मिलचा भोंगा होऊन पुरुष कामावर गेले की मी भिंतीशी बसून म्हणायची. भिंतीपलीकडं एक तेलुगू विणकरीण त्याच वेळी कांड्या भरायला बसे. एक दिवस तिचा रहाट मध्येच थांबला. माझी जीभही थांबली. मी मागं गेले, आयत पुन्हा म्हटली. तिचा दोरा तुटला असणार, दुसरं काय! अरबीचा तिला गंधही नव्हता. तरी रोज तसंच होऊ लागलं. बहुतेकदा माझं काही चुकलेलं नसे. कधी मात्र खरंच गाळलेला शब्द सापडे.

शेवटी तीच एकदा दारात येऊन म्हणाली, "काय वो, मी थांबले की तुमी पन थांबता की! माज्या रहाटाचा तरास हुतो काय?"

"न्हाय वो," मी म्हटलं. "तुमी थांबत जावा. मला थांबवणारं दुसरं कुनी न्हाय."