आक्काने न पाहिलेला सिनेमा

नातवंडे दूरदर्शनवर चित्रांतल्या कोल्ह्या-सिंहाची गोष्ट पाहत होती. पुतण्या अभिमानाने म्हणाला, "निजामाच्या काळात आजोबांनी असलाच चित्रांचा सिनेमा अख्ख्या घराला दाखवला होता." 'अख्ख्या घराला' हे साफ खोटे आहे. मी तिथे होतो. तो जन्मलाही नव्हता.

औशाच्या बाजारात तंबू लागला होता. रॉकेलचा आणि दमट कनातीचा वास अजून माझ्या नाकात आहे. बायकांना पडद्यामागे बसवत, त्यामुळे त्यांना चित्र उलटे दिसे. माझी थोरली विधवा बहीण, आक्का, तेवढ्यावरही हरखली होती. कारण त्या कोल्ह्या-सिंहाच्या सगळ्या गोष्टी आम्हाला तिनेच सांगितल्या होत्या.

तंबूच्या दाराशी वडिलांनी तिला अडवले.

"तू कुठं निघालीस? हो माघारी."

"मागं अंधारात बसते की, आप्पा. कोण बघतंय मला?"

"समदं गाव बघतंय. लाज हाय का न्हाई?"

ती एकटी परतली. सकाळी मी उत्साहाने सिनेमा सांगू लागलो, तेव्हा चुलीवरची नजर न काढता ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

पुढे घरात पुष्कळ मुले जन्मली, हा पुतण्याही त्यांतलाच. आक्काने त्यांतल्या एकालाही गोष्ट सांगितली नाही.