सुलेखाचा साक्षीदार

सुलेखा दाभाडेला राग वर्षानुवर्षं धरून ठेवता येतो, आणि तिला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही धरला असता. उस्मानपुऱ्यात राजकुमारच्या, म्हणजे सख्ख्या मावसभावाच्या, वर्कशॉपमध्ये तिनं चौदा वर्षं कामगारांचे हातमोजे शिवले, कापड बेतलं, गिऱ्हाइकं सांभाळली. भागीदारी मागितली, तर त्यानं तिला हाकलून दिलं.

मग तिनं स्वतःचा हातमोज्यांचा धंदा काढायचं ठरवलं आणि शेंद्र्यात एक जुनं घर भाड्यानं घेतलं. नोंदणी केली, फरशी बसवली, वायरिंग बदललं, गळकं छत दुरुस्त केलं आणि या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मागितली. मशिनं घ्यायच्या आतच जीएसटी कार्यालयाचं पत्र आलं. कुणीतरी तक्रार केली होती की ही बाई राहायला घर सजवतेय आणि धंद्याचं नाव सांगून कर बुडवतेय. सोबत तक्रारीची प्रत होती, खाली राजकुमारची सही. सुलेखाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाऊ दे गं," तिची आई केसरबाई म्हणाली. "घरातलाच हाय."

"घरातला हाय म्हणूनच सोडणार नाय."

अधिकारी नीरजा मॅडम नियमाला धरून चालणाऱ्या. "बिलं खरी आहेत," त्या म्हणाल्या, "पण फरशी राहत्या घरालाही लागते. खर्च केला तेव्हा धंद्याचाच इरादा होता, हे कशावरून?"

सुलेखाकडे दाखवायला काही नव्हतं. कारखान्यांच्या स्टोअरवाल्यांनी ऑर्डरचा शब्द दिला होता, तोही फोनवर. वजावट नाकारली गेली तर मशिनांसाठी जमवलेलं सगळं दंड-व्याजात जाणार होतं आणि पुन्हा राजकुमारच्याच दारात उभं राहावं लागणार होतं. त्यापेक्षा धुणीभांडी परवडली!

घरी येऊन तिनं कपाटातले सगळे कागद जमिनीवर ओतले. त्यात राजकुमारनं वकिलाकरवी पाठवलेली नोटीस निघाली: तुम्ही शेंद्र्यात हातमोज्यांचा धंदा काढत आहात, माझी गिऱ्हाइकं फोडत आहात, ताबडतोब थांबा. तारीख फरशीच्या बिलाच्या तीन आठवडे आधीची. सुलेखा एकटीच मोठ्यानं हसली.

पुढच्या सुनावणीला नोटीस टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, खरी का खोटी, त्यालाच बोलवून विचारा."

राजकुमार आला, अत्तर लावून. मॅडमनी तक्रार आणि नोटीस, दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले आणि यातलं खरं कोणतं, एवढंच विचारलं. नोटीस खोटी म्हणावी, तर तिच्याच जोरावर त्यानं नुकतीच सुलेखाविरुद्ध कोर्टात भरपाई मागितलेली. गडी घामाघूम झाला.

"नोटीस माझीच हाय," तो पुटपुटला.

"म्हणजे या धंदाच काढत होत्या?"

"व्हय."

"दादा, जरा मोठ्यानं बोल," सुलेखा म्हणाली. "मॅडमना लिहून घ्यायचंय."

त्याला मोठ्यानं सांगावं लागलं, जबाबाखाली सहीही करावी लागली. सुलेखानं तोवर डोळ्याची पापणी लवू दिली नाही.

वजावट मंजूर झाली, मशिनं आली. उद्घाटनाचं पहिलं आमंत्रण तिनं राजकुमारला दिलं. तो आला नाही, तेव्हा ती स्वतः पेढ्यांचा डबा घेऊन त्याच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि शिवणाऱ्या एकेका बाईच्या हातावर पेढा ठेवून आपल्याकडची मजुरी सांगून आली. सोमवारी त्यातल्या सहाजणी शेंद्र्याला कामावर हजर झाल्या.