अरगॉन आणि पोटॅशिअमची अदलाबदल

मुलगी दहावीत असताना तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि आवर्तसारणी समजावून सांगायला तिची निवड झाली होती. वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी, त्यामुळे तिला चांगलंच दडपण आलं होतं.

आमच्याकडे आलेल्या लग्नपत्रिका टाकून देत नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून तिने चोपन्न चौकोन केले, म्हणजे वरच्या पाच ओळी. प्रत्येकावर मूलद्रव्याचं नाव आणि अणुवस्तुमान. ते बोर्डावर मांडून ती क्लासला निघाली.

"बाबा, नुसतं चिकटव हां. जसं आहे तसं."

चिकटवण्याआधी मी आकडे तपासले. ते ओळीने वाढत होते आणि एका जागी घसरले. अरगॉन ३९.९५, पुढे पोटॅशिअम ३९.१०. तसंच कोबाल्ट-निकेलचं, टेल्युरिअम-आयोडीनचं. पोरीने घाईत गडबड केली, असं समजून मी तिन्ही जोड्या उलटवल्या आणि डिंक लावला.

संध्याकाळी ती बोर्डासमोर उभी राहिली. "हे कोणी केलं?"

"मी. तीन ठिकाणी क्रम चुकला होता."

"पोटॅशिअम निऑनच्या खाली? अरे बाबा, पोटॅशिअम पाण्यात पडलं तरी पेट घेतं! निऑन कशालाच दाद देत नाही. एका उभ्या रांगेत सारख्या स्वभावाचे असतात. उद्या सकाळी प्रदर्शन आहे, वाट लावलीस!" तिचे डोळे भरून आले.

"तुझ्या बाबांना आकडा उलटा दिसला की चैन पडत नाही," बायको म्हणाली आणि कपाटातून आणखी एक पत्रिका घेऊन आली.

चौकोन निघेनात, म्हणून सहा नवे कापून त्यांच्यावरच चिकटवले. पण माझ्या डोक्यातून ते जाईना.

"मग क्रम लावतात कशाने?"

"प्रोटॉन मोजून. अरगॉनचे अठरा, पोटॅशिअमचे एकोणीस."

"एक प्रोटॉन कमी, तरी अरगॉन जड?"

तिने पानं चाळली. हे तिच्या वहीत नव्हतं. मग आम्ही दोघांनी शोधलं. अरगॉनच्या बहुतेक अणूंत बावीस न्यूट्रॉन असतात, पोटॅशिअमच्या बहुतेक अणूंत वीस. मी कागदावर प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज केली, चाळीस आणि एकोणचाळीस.

"जुळलं," मी म्हणालो.

"हो, पण पुन्हा कशाला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी पालकांनाही आत सोडलं होतं. परीक्षक आले, बोर्डावरून नजर फिरवली आणि नेमकं अरगॉनपाशी बोट ठेवलं. "याच्या पुढच्या पोटॅशिअमचं वस्तुमान कमी कसं झालं?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग प्रोटॉन, न्यूट्रॉन, बेरजा, सगळं भराभर सांगितलं. ते मान डोलावून पुढच्या टेबलाकडे वळले.

"सर, थांबा ना," ती मोठ्याने म्हणाली, "अशा अजून दोन जोड्या आहेत."