उंदराने कोपरा खाल्लेलं कार्ड

शंभर वर्षांपूर्वीची डाक अजून वाटायची राहिली आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा, म्हणजे तुमच्या आजीचा, स्नेही आहे. दारव्ह्याचे सायकलवाले चाचा. भंगारात आलेल्या पेट्यांतून ते जुनी पोस्टकार्डं शोधतात आणि पंक्चरच्या सामानाच्या डब्यात ठेवतात, त्यामुळे त्यांच्याकडच्या प्रत्येक कार्डाला, मग ते लग्नाचं असो की बारशाचं, रबराच्या सोल्युशनचा वास येतो. पण ते एकही कार्ड स्वतःसाठी ठेवत नाहीत. "दुसऱ्याची चिठ्ठी घरात ठेवनं म्हनजे अमानत में खयानत, बाई," असं ते मला बजावतात; विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटणं, असा त्याचा अर्थ. पत्ता शोधायचा, सायकल नाहीतर जीप धरायची आणि त्या घरासमोर उभं राहून "डाक!" म्हणून ओरडायचं, हा त्यांचा शुक्रवारच्या नमाजानंतरचा उद्योग. लोक बँकेची नोटीस समजून मागच्या दाराने पळतात. वणीच्या एका घरी त्यांनी असंच कार्ड दिलं. त्यात कुणीतरी दिग्रसहून, 'लोणच्याची बरणी परत पाठवावी' असं लिहिलं होतं. त्या घरच्या सूनबाईंनी ओशाळून आपली नवी बरणी लोणच्याने भरून दिली, आणि चाचांनी ती मांडीवर सांभाळत दिग्रसला नेऊन पोचवली! तिथल्या लोकांनी आधी पोलिसांना बोलवायचं ठरवलं होतं; मग लोणचं चाखलं.

इंग्रजी कार्ड मिळालं की ते यवतमाळला माझ्याकडे येतात. मागच्या हिवाळ्यात असंच एक घेऊन आले. पत्ता राळेगावजवळच्या एका खेड्याचा होता आणि कार्डाचा एक कोपरा नव्हता. आता तुम्हाला हे सांगायला हवं की पूर्वी मरणाची बातमी कळवताना कार्डाचा कोपरा फाडत. असं कार्ड वाचलं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. चाचा म्हणाले, "हा कोपरा फाडेल नाही, बाई. उंदरानं खाल्ला. जिंदगीभर ट्यूबा कापल्या, मले कट समजते." मी वाचलं तर खरोखरच मजकूर आनंदाचा होता. नागपूरला शिकणाऱ्या मुलाने परीक्षा पास झाल्याचं बापाला कळवलं होतं, आणि ऐट दाखवायला इंग्रजीत.

आम्ही दोघं त्या गावी गेलो. घरच्या सूनबाईंनी कोपरा पाहिला आणि हात मागे घेतला. "असं कार्ड कायले आनलं? घरात नाही येऊ देनार मी." चाचा उंबऱ्याबाहेर कार्ड धरून उभेच राहिले. परत आलेलं कार्ड ठेवायची त्यांच्याकडे जागाच नव्हती.

तेवढ्यात आतल्या बाजेवरून त्या घरची म्हातारी आत्या ओरडली, "कोपरा गेलेलं? अन् इंग्रजीतलं? अवं, थे माह्या आज्याच्या मरनाचं कार्ड हाय! आन इकडं!" आणि ती खोकला लागेपर्यंत हसली.

झालं होतं असं. गावात इंग्रजी कुणाला येत नव्हतं. डाकेच्या थैलीतच उंदराने खाल्लेला कोपरा पाहून घरात रडारड सुरू झाली. मुलाच्या कोवळ्या बायकोच्या बांगड्या फोडायला बाया जमल्या. आत्या म्हणाली, "पन माही आजी हात मागं लपवून बसली. म्हने, आधी कार्ड वाचून दाखवा, मंग फोडा." वाचणारा काही मिळेना, आणि सोमवारी तो 'मेलेला' मुलगाच पेढे घेऊन दारात! मग कार्ड वाचायची गरजच उरली नाही. कुणी वाचलं नाही, म्हणून कुणी फाडलंही नाही; ते पेटीत पडून राहिलं आणि पुढे पेटीसकट भंगारात गेलं.

"आता वाचा, बाई," आत्या म्हणाली.

मी मराठीत सांगत वाचलं. शेवटी अगदी बारीक अक्षरात एक ओळ होती. 'आईला सांगा, बांगड्यांचं माप विसरलो नाही.' बापाला लिहिताना बायकोचं नाव काढायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून निरोप आईच्या आडून.

आत्या हसायची थांबली. स्वतःच्या मनगटाकडे बघत म्हणाली, "हे आजीले कोनं सांगितलंच नसंन." मग तिने कार्ड कपाळाला लावलं. सूनबाईंनी चहा ठेवला.

परतताना चाचा जीपमध्ये खिडकीबाहेर बघत होते. "साऱ्यायच्या घरी डाक नेली, बाई," ते म्हणाले, "पन मले आजवर एक कार्ड कोनं टाकलं नाही."

तर बाळांनो, तुम्ही फोनवर रोज दिसता, तो आनंद आहेच. पण एक कार्ड टाका. 'सायकलवाले चाचा, दारव्हा' एवढा पत्ता पुरेल. मराठी जमलं नाही तर इंग्रजीत लिहा. मी आहे तोवर वाचून दाखवीन. फक्त चारही कोपरे जपा.