तांब्याची भेसळ

वालीवच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे केमिकल कंपन्यांच्या पंपांसाठी स्टेनलेस स्टीलचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, बनतात. एकदा साहेबांना विचारून उरलेल्या तुकड्याचा लेथवर छान बत्ता करून घेतला आणि बोळिंजला घरी आणून सासूबाईंना दिला.

सासूबाई भांड्यांच्या दुकानात जातानाही पर्समध्ये लोहचुंबक ठेवतात. चुंबक चिकटलं की स्टील खोटं, हा त्यांचा नियम. त्यांनी ते बत्त्याला लावलं आणि ते खटकन चिकटलं.

"अगं, तुला फसवलं! हे लोखंड आहे."

"आई, हे वेगळ्या जातीचं स्टेनलेस. याला चुंबक चिकटतं, पण हे सहसा गंजत नाही. त्यात थोडं तांबं असतं. भट्टीत तापवलं की त्या तांब्याचे अगदी बारीक कण आत तयार होतात आणि स्टील कडक होतं."

"तांबं? म्हणजे वर भेसळही आहे!"

मी कपाळाला हात लावला. त्यांनी बत्ता मोरीतल्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला. मी कामावरून आले की चपला काढायच्या आधी मला गंज बघायला बोलवायच्या. आठवड्याभरात बादलीची कडी गंजली, बत्ता मात्र लखलखीत राहिला.

शेवटी त्यांनी तो पुसला, त्याने लसूण ठेचला आणि शेजारच्या काकूंना दाखवला. "भेसळीचा आहे, पण भेसळ करणारा माणूस प्रामाणिक असावा."

काकू माझ्याकडे वळल्या. "मलाही एक आणशील का गं? असाच, भेसळीचा."