वैद्य बाईंनी जमवलेलं संयुग

"बाई गेल्या," असा बायकोचा, वर्षाचा, फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या सिग्नलला उभा होतो. कोणत्या बाई, हे विचारावं लागलं नाही. आमच्या घरात बाई एकच... सदाशिव पेठेतल्या क्लासात आम्हा दोघांना रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वैद्य बाई. सहा आठवडे झाले त्याला.

बाई मुलांनाच अणू करायच्या. धातू डावीकडे, अधातू उजवीकडे. मी सोडियम, अकोल्याहून शिकायला आलेली वर्षा क्लोरीन. इलेक्ट्रॉन म्हणून माझ्या हातात एक लिंबू. ते तिला द्यायचं, तर मी लाजून घट्ट धरून बसलो. "अहो सोडियम, तो आपल्याला झेपत नाही. द्या आणि मोकळे व्हा!" वर्ग हसला, मी लिंबू दिलं, आणि सात वर्षांनी आम्ही लग्न ठरवलं.

बाबा अडून बसले. "तिकडची भाषा ही. करून राहिले, जाऊन राहिले... राहणार कशी ती आपल्याकडे?" सारख्याला सारखंच हवं, हा त्यांचा मुद्दा. शेवटी मी बाईंना घरी घेऊन आलो.

"तांब्यात जस्त घातलं की पितळ होतं," बाई म्हणाल्या. "दोन्ही धातूच, पण ते नुसतं मिश्रण. सोडियम पाण्यात पेटतो, क्लोरीन विषारी. त्यांचं संयुग झालं की मीठ. आपण आमटीत घालता ते."

बाबा विरघळले. "म्हणजे दोघं इलेक्ट्रॉन वाटून घेतात! छान."

इथे गप्प बसायचं ना! पण चुकीचं उत्तर बाईंना सोडवेना. "नाही. वाटून घेतात ते अधातू, आपापसांत. हा देऊन टाकणार, ती घेणार."

बाबांचा चेहरा पडला. जमत आलेलं लग्न बाई एका मार्कासाठी मोडणार होत्या.

"देऊन टाकणार? सगळे?"

"एकच. तो गेल्याशिवाय हा स्थिर होत नाही. मी वह्या तपासल्यात याच्या."

बाबा पहिल्यांदाच हसले. "होईल म्हणता स्थिर?"

"होईल. ऊर्जा मात्र बाहेर पडेल. सुरुवातीला आपण जरा लांब उभे राहा."

बाबा वर्षभर खरोखरच लांब राहिले. मग एक दिवस स्वयंपाकघरात डोकावून तेच म्हणाले, "सूनबाई, काय करून राहिली?"

परवा आम्ही बाईंच्या फ्लॅटवर गेलो. आवराआवर करणाऱ्या त्यांच्या भाचीने आमच्यासाठी पोहे टाकले. फळीवरच्या डब्यांना बाईंच्या अक्षरात नुसती रासायनिक सूत्रं. भाची कॉमर्सची. दोन डब्यांत पांढरी पूड. मीठ कुठलं, सोडा कुठला, तिला कळेना. "चाखूनच बघते," म्हणत तिने बोट बुडवलं, आणि मी आणि वर्षा एकदमच बाईंच्या सुरात ओरडलो, "प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही!"

भाचीचं बोट हवेतच राहिलं. मग तिघंही डब्यांवरचं बाईंचं अक्षर बघत राहिलो... पोहे करपले.