दाढेचा डॉक्टर

ब्रेकबाईंना सगळी गल्ली ब्रेकबाईच म्हणे, आणि तेही तोंडावर. त्यांचं एका गाडीचं ड्रायव्हिंग स्कूल. शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो, पण बाईंचं नुसत्या पायावर भागत नसे. त्या असं काही "ब्रेक!" ओरडायच्या की फुटपाथवरून चालणारी माणसंसुद्धा जागच्या जागी थांबायची.

अशा बाईंचा आवाजच एका वर्षी बंद झाला. घसा ठणठणीत होता, मनच खचलं. अंथरुणातून उठणं जिवावर येऊ लागलं, मग अंघोळ सुटली, मग जेवण. गाडीवर एवढी धूळ साचली की कुणीतरी बोटानं बदाम काढून ठेवला. गोळ्या झाल्या, त्या बदलून दुसऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, शॉक ट्रीटमेंट देऊ. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, बंद पडलेलं कुठलंही चालू करून दाखवायचे. पण त्या दिवशी ते डॉक्टरांना म्हणाले, तुम्हीच काय ते ठरवा. डॉक्टरांनी मात्र बाईंनाच विचारलं. बाई कशाबशा पुटपुटल्या, "द्या. याहून वाईट काय होणार आहे?"

सासूबाई घरी येताच दार लावून घेत म्हणाल्या, "हे बघा, शॉक हा शब्द या घरातून बाहेर जाता कामा नये. गेला की संपलं! उद्या कोण बसेल हिच्या गाडीत? विचारलं तर सांगायचं, दाढेचं काम चालू आहे."

थाप अगदी चपखल बसली हो! बाई सकाळी उपाशीपोटी जायच्या आणि येताना जबडा धरून यायच्या. शुद्धीवर आल्यावर जबडा खरंच दुखायचा. एकच घोळ होता. जग दाढेच्या डॉक्टरकडे हसत जातं आणि रडत येतं. या बाई रडत गेल्या आणि दर खेपेला थोड्या थोड्या हसत येऊ लागल्या. मग एक दिवस ओल्या टॉवेलवरून सासूशी कडाडून भांडल्या. सासूबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडाला लावून आनंदानं रडल्या, "भांडली गं बाई माझ्याशी, भांडली एकदाची!"

शॉकचा कोर्स संपला, पुढे काही काळानं डॉक्टरांनी गाडी चालवायलाही परवानगी दिली. शिकणारी मंडळी परतली. गल्लीत मात्र त्या दाढेच्या डॉक्टरचा इतका बोलबाला झाला की कवळी लावणाऱ्या पोस्टमन काकांनीही पत्ता मागून पाहिला. सासूबाई प्रत्येकाला सांगायच्या, "ते आता परदेशी गेलेत."

एका दुपारी समोरच्या झेरॉक्सवाल्या वहिनींनी बाईंना दुकानात बोलावून घेतलं. आत मशीन खडखडत होतं.

"बाई, तुमचा तो डॉक्टर परत आला का हो? माझ्या धाकट्या भावाला न्यायचंय. जेवत नाही, उठत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. इथले डॉक्टर शॉक द्यायचा म्हणतात. आम्ही साफ नाही म्हटलं, माणसाला बांधून करंट सोडतात म्हणे! मला वाटतं, त्याची दाढच किडली असणार. तुम्हीही अशाच झाला होतात ना? मग दाढेनंच बऱ्या झालात की!"

बाईंच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. आपली एवढीशी थाप, आणि तिच्यापायी एखाद्याच्या चांगल्या दाढा उपटल्या जाणार, अन् तो पोरगा मात्र तसाच भिंतीकडे बघत राहणार! पण खरं बोलावं तर ड्रायव्हिंग स्कूलला टाळं लागायचं. हो-नाही करता करता त्या बोलल्या, पण मशीनच्या खडखडाटात वहिनींना काही ऐकू येईना.

"काय म्हणालात?"

"अहो, दाढ नव्हती! मला शॉक दिले, शॉक!"

नेमका त्याच क्षणी मशीनमध्ये कागद अडकला आणि ते बंद पडलं. बाईंचा तो ब्रेकचा आवाज. गल्लीच्या टोकापर्यंत माणसं थांबली.

आता लपवायचं तरी काय? बाई स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. "बांधत-बिंधत नाहीत. हाताला सुई टोचतात आणि झोप लागते. करंट कधी दिला ते मला अजून ठाऊक नाही. जाग आली की डोकं जड, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, मग हळूहळू जम बसतो. पण सगळं गोड नाही हं! पुतण्याच्या लग्नात मी नाचलेय, फोटो आहेत. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. इतकं विसरायला होतं, हे कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, त्याचा राग आहे मला. पण राग यायलाही माणूस जागं असावं लागतं ना, वहिनी? पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा घेईन. तुम्ही मात्र भावालाच विचारा. पडलाय तो, मेला नाहीये."

संध्याकाळपर्यंत दोन पालकांचे फोन आले, मुलींचे क्लास बंद. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "सांगितलं होतं ना मी!" बाईंनाही वाईट वाटलं, फार वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीच आलं नाही. त्या उगीच गाडीची काच पुसत बसल्या.

तेवढ्यात झेरॉक्सवाल्या वहिनी आल्या आणि दार उघडून सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या.

"मला शिकवा. हॉस्पिटल लांब आहे, आणि शॉकनंतर एकट्याला सोडत नाहीत म्हणे. पुढे माझं मला नेता-आणता आलं पाहिजे."

"म्हणजे, विचारलंत त्याला?"

"तुमचं सगळं सांगितलं. ते नाचण्याचंसुद्धा." वहिनींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "कितीतरी दिवसांनी भिंतीकडून वळला हो माझ्याकडे! घेतो म्हणाला. पण एक अट घातलीय त्यानं. पहिल्या दिवशी बरोबर घरचं कुणी नको, मीही नको. त्या नाचलेल्या बाई हव्यात."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. हातातल्या काच पुसायच्या फडक्यानंच त्यांनी डोळे पुसले.

"येईन की! त्याला सांगा, सकाळी काही खायचं नसतं. येताना मात्र आम्ही दोघं पोटभर खाऊ."